मागच्या जोडाचं झाकण

१

पोहण्याच्या तलावाचा रखवालदार सकाळी पंपाच्या खोलीमागे पडलेला सापडला. फरशी ओली होती, पाय अनवाणी होते आणि उजवा हात वायरच्या जोडापासून वीतभर अंतरावर होता. पोलीस आले तेव्हा जोडाशेजारी नारिंगी प्लास्टिकचे दोन तुकडे पडले होते. एकाच झाकणाचे दोन अर्धे भाग, बिजागराच्या रेषेवर तुटून वेगळे झालेले.

डॉक्टरांनी विजेचा धक्का असं लिहिलं. पोलिसांनी तुकडे पिशवीत भरले. दुपारपर्यंत सगळ्यांचं एकमतही झालं: झाकण तुटलं, जोडात पाणी शिरलं, माणूस गेला. इतक्या झटपट एकमत झालं की मला आधी शंका येते. त्यातून दोष वस्तूचा निघाला की सगळ्यांचीच सोय होते. वस्तू उलटून बोलत नाही आणि वकीलही करत नाही.

मी विमा कंपनीची सर्वेअर. आग लागली, पाणी शिरलं, काच फुटली, हात तुटला की मला पाठवतात. लोक मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की नुकसानबाई. दुसरं नाव मला जास्त शोभतं.

ते झाकण बनवणाऱ्या कारखान्याचा विमा आमच्याकडे होता. एका वायरचा प्लग दुसरीच्या सॉकेटात जातो तो जोड उघड्यावर असला की पाण्याची भीती, म्हणून हे झाकण त्याच्याभोवती चष्म्याच्या डबीसारखं मिटतं. त्याला वेगळं बिजागर नाही. खिळा नाही, सळई नाही. दोन भागांच्या मधे त्याच प्लास्टिकची एक पातळ पट्टी ठेवलेली असते, तीच वाकते. हे डोकं कारखान्याच्या मालकांच्या धाकट्या मुलीचं. झाकणात दोष ठरला तर बाजारातला सगळा माल परत, साचा भंगारात, आणि निष्काळजीपणाचा गुन्हा तिच्या नावावर.

पोलिसांकडून मी जोड आणि तुकडे बघायला घेतले. जोडाला एक रबरबँड आवळलेला होता आणि त्याच्याखाली पातळ पिशवीचा फाटका कोपरा अडकला होता. "कचरा," असं पोलिसांनी पुढे लिहिलं होतं. तुकड्यांवर मात्र मला एक वेगळी गोष्ट दिसली. तुटलेल्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नारिंगी प्लास्टिकवर एक पांढरी रेघ होती. खडूने ओढल्यासारखी.

ती कशाची, ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी आधी तलावावर गेले.

२

तलावाचे व्यवस्थापक बोलताना दर वाक्याला रुमालाने मान पुसत.

"मॅडम, आमच्याकडे सगळं रीतसर आहे. जितके जोड तितकी झाकणं मागवली होती. एक कमी नाही, एक जास्त नाही. जावईबुवांनी स्वतः बसवली आणि तसं लिहून दिलं."

"कोण जावईबुवा?"

"कारखान्याच्या मालकांचे हो. थोरलीचे यजमान. विक्रीचं काम तेच बघतात. सगळे त्यांना जावईबुवाच म्हणतात."

त्यांनी मला तलावाभोवती फिरवलं. पाहुण्यांच्या नजरेत येईल त्या प्रत्येक जोडावर नारिंगी झाकण होतं. मी एक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मिटताना ते 'खट' असा समाधानाचा आवाज करत होतं. बिजागरावर पांढरी रेघ नव्हती. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. कुठेच नव्हती.

मग आम्ही मागे गेलो. पंपाच्या खोलीमागे घोट्यापर्यंत चिखल आणि शेवाळ. व्यवस्थापक कोपऱ्यावरच थांबले आणि त्यांनी तिथूनच बोटाने जागा दाखवली.

"इकडे कोण येतं एरवी?"

"तोच यायचा. पंप चालू करायला. तसा माणूस बरा, पण धसमुसळा. झाकण आपटून बंद करत असणार, दुसरं काय? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण..."

हा 'पण' मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. गेलेला माणूस काही परत येऊन वाद घालत नाही, म्हणून तो नेहमी त्याच्याच माथी बसतो.

"त्या सकाळी काय झालं, ते क्रमाने सांगा."

"मी आलो, त्याला पाहिलं, पळत जाऊन मेन स्विच पाडला. रुग्णवाहिकेला फोन केला. मग वायरमनला आणि जावईबुवांना. वायरमन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. जावईबुवांचं घर हाकेच्या अंतरावर, पण हाक मारून घसा सुकला तरी ते येईनात. वायरमनच्या जेमतेम थोडे आधी पोचले. मी तोवर फाटकाशी उभा, रुग्णवाहिकेची वाट बघत."

"म्हणजे मागे आधी तुम्ही एकटे गेलात, मग जावईबुवा एकटे, मग वायरमन एकटा."

व्यवस्थापकांनी मान पुसली. "तसंच म्हणायचं तर तसंच."

वायरमन वीजघरात शिडीवर चढलेला होता. तो खाली न उतरताच बोलला.

"मी वायरी जोडतो, बाई. झाकणं जावईबुवांनी लावली. मी आलो तेव्हा तुकडे पडलेले होते."

"त्याआधी कधी त्या मागच्या जोडावर झाकण पाहिलं होतं?"

"मागे माझं काम पंप बिघडला तर. पंप बिघडलाच नाही. मी कशाला चिखल तुडवायला जाऊ?"

त्याने पक्कड मागितली, म्हणून मी शिडीखालची त्याची पिशवी उघडली. पक्कड वरच होती. तिच्याखाली, अंगावर धुळीचा कणही नसलेलं, एक नवंकोरं नारिंगी झाकण होतं.

३

"ते होय? उरलं होतं," वायरमन शिडीवरून म्हणाला. "झाकणं बसवून झाल्यावर जावईबुवांनी दिलं. म्हणाले, ठेव, लागेल कुठे. चोरी नाही केली मी."

"मी कुठे म्हटलं?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

माझ्या तोंडाबद्दल असं पुष्कळांचं मत आहे. मी ते झाकण उघडून पाहिलं. रेघ नव्हती. मी ते परत पिशवीत ठेवलं आणि कारखान्यावर गेले.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड, त्यात साच्याची यंत्रं आणि टोकाला काचेची कचेरी. आत शिरता शिरताच एका बाईचा आवाज कानावर आला.

"घडी मोड गं! घडी मोड आधी, मग टाक पेटीत!"

नव्या कपड्याची घडी मोडतात, ते मला ठाऊक होतं. पहिल्यांदा अंगावर घातला की मोडली घडी. इथे मला कपडा कुठे दिसेना. यंत्रावरच्या बायका साच्यातून निघालेलं गरम झाकण उचलत, वाकवत, सरळ करत, पुन्हा वाकवत आणि पेटीत टाकत. एकीकडे त्यांच्या गप्पा चालू होत्या. हातांना काही सांगावं लागत नव्हतं.

कचेरीत मालक बसले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "साचा भंगारात जाईल का हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, नुसतं आतल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे त्यांची धाकटी मुलगी पाठ करून बसली होती.

"गोदामाची किल्ली कोणाकडे असते?" मी विचारलं.

"माझ्याकडेच. कचेरीची एक जावयांकडेही असते, पण गोदामाची झोपतानासुद्धा माझ्या उशाशी. बायको होती तेव्हा ती चेष्टा करायची."

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. त्यावर कारखान्याची निरनिराळ्या मापांची झाकणं, पुस्तक उघडून ठेवावं तशी, सपाट चिकटवलेली होती. गिऱ्हाइकाला आतलं बाहेरचं एका नजरेत दिसावं म्हणून. फलक टापटीप होता. एकच झाकण एका बाजूने जरासं उठलेलं होतं. मला वाकडं चित्र बघवत नाही. मी ते बोटाने दाबलं. बोट काढताच ते पुन्हा उठलं.

"हा फलक कोणी केला?"

"जावयांनी. उद्घाटनाला. झाकणं स्वतः यंत्रावरून उचलून, कोणाला हात लावू न देता," मालक म्हणाले. जावयाचं कौतुक करायची त्यांना सवय असावी, पण आज त्यात जोर नव्हता.

मग मी धाकटीसमोर जाऊन बसले. तिशीची असेल. टेबलावर कागद कमी आणि मोडकीतोडकी झाकणं जास्त होती.

"कॉलेजात मला मुलं झाकण म्हणायची," ती म्हणाली. "मठ्ठ म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, झाकणच करून दाखवते."

हसायला हवं होतं, पण दोघींनाही जमलं नाही. मी पिशवीतले तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिने ते आतापर्यंत पाहिलेच नव्हते. तिने एक उचलला, उजेडाकडे धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. त्या पांढऱ्या रेघेवर अंगठा थांबला. थांबला तो बराच वेळ तिथेच राहिला.

तिने तुकडा खाली ठेवला, तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा कोरा झाला होता.

"आराखडा माझा आहे," ती म्हणाली. "चूक माझीच धरा. मी सही करून देते."

४

इतक्या वर्षांत मी माणसांना खोटं बोलताना पाहिलं, रडताना पाहिलं, माझ्या अंगावर धावून येताना पाहिलं. न मागता दोष पदरात घेणारं माणूस मात्र क्वचितच पाहिलं. आणि जे पाहिलं, ते दर वेळी कोणाला तरी पाठीशी घालत होतं.

"ही पांढरी रेघ कशाची?" मी विचारलं.

"बिजागर पातळ झालं माझ्याकडून."

"तलावावरची बाकीची झाकणं धडधाकट आहेत."

"एखादं निघतं तसं."

"तुझ्या हातून?"

ती उठून यंत्रांकडे निघून गेली. मला तिचा राग आला. खोटं बोलणाऱ्याचा येत नाही तेवढा खोटं धड न जमणाऱ्याचा येतो.

जावईबुवांना भेटायला मी त्यांच्या घरी गेले. घर खरंच तलावापासून हाकेच्या अंतरावर होतं. गच्चीवरून तलावाचं फाटक दिसत होतं. जावईबुवांच्या पांढऱ्याशुभ्र पँटला कडक इस्त्री होती आणि बोलणं साखरेत घोळलेलं होतं.

"मॅडम, एकेक झाकण या हातांनी बसवलंय. मागचंसुद्धा. पँट गुडघ्यापर्यंत खोचून उतरलो त्या चिखलात! काम म्हणजे काम." त्यांनी आवाज खाली आणला. "मेहुणीचं डोकं चांगलं आहे हो. पण बिजागर तिने फार पातळ केलं. मी तेव्हाच म्हणालो होतो. आता घरातल्याच माणसाबद्दल काय बोलायचं?"

बोलायचं काय ते बोलून झालेलं होतं. चहा घेऊन आलेली थोरली दारातच उभी राहिली.

"धाकटीने पातळ केलं, असं तिला कधी म्हणालात?" तिने विचारलं.

"तू नव्हतीस तेव्हा."

थोरलीने कप ठेवला तो आवाज करून. मी तिलाच विचारलं, "त्या सकाळी तलावावरून फोन आला तेव्हा?"

"मीच घेतला. यांना दिला. ऐकलं आणि चपला घालून निघालेच. चहासुद्धा ओठाला लावला नाही. बिचाऱ्या माणसाचं काय झालं असेल, म्हणून जिवाचं पाणी झालं होतं यांच्या."

"तशीच आहे माझी सवय," जावईबुवा म्हणाले. "दुसऱ्याचं दुःख बघवत नाही."

मी चहा संपवला. चहा चांगला होता. चपला घालून तडक निघालेला माणूस हाकेच्या अंतरावर पोचायला इतका वेळ कुठे रमला, ते मात्र मी विचारलं नाही.

५

रखवालदाराची बायको गावाच्या कडेला एका खोलीत राहत होती. मी कोण, ते सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्हीही तेच म्हणायला आलात का, की ते धसमुसळे होते?"

"नाही. मी विचारायला आले."

"व्यवस्थापक साहेब म्हणून गेले. झाकण आपटून तोडलं म्हणे त्यांनी. माझ्या लेकीसमोर म्हणाले." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाई, या घरात बशीसुद्धा त्यांनी कधी आपटली नाही."

खोलीत दोरीवर काहीतरी वाळत घातलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या. धुऊन, उलट्या करून, चिमट्याने अडकवलेल्या.

"या कशाला?"

"त्यांना लागायच्या. मीच धुऊन ठेवायचे. हाताला सवय लागलीय, म्हणून अजून धुतेय." ती दोरीकडे न बघता बोलत होती. "तलावावर मागे कुठलासा वायरीचा जोड होता. पाणी उडतं म्हणून ते त्याला पिशवी गुंडाळायचे, वरून रबर. पिशवी फाटली की नवी न्यायचे. पुढच्या सगळ्या जोडांना चांगली झाकणं आली, आमच्या मागच्यालाही येईल, असं म्हणायचे. सांगितलं होतं त्यांनी तलावाच्या कचेरीत. येईल, येईल म्हणाले."

मी दोरीवरची एक पिशवी हातात घेतली. तिचा कोपरा मी आधी पाहिलेला होता. रबरबँडखाली अडकलेला, 'कचरा' म्हणून लिहिलेला.

मला त्या क्षणी कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. सर्वेअरने असं वाटून घेऊ नये, असा नियम आहे. मी नियम पाळला आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कचेरीत बोलावलं.

६

मालक फलकाखाली बसले. एका बाजूला दोघी बहिणी, दुसऱ्या बाजूला जावईबुवा, दाराशी व्यवस्थापक आणि वायरमन. काचेपलीकडे यंत्रं चालू होती.

"मागच्या जोडावर झाकण नव्हतंच," मी म्हणाले.

व्यवस्थापकांनी रुमाल काढला.

"झाकण असतं तर रखवालदाराने घरून पिशवी कशाला नेली असती? तिचा कोपरा अजून जोडावर आहे. झाकणं जोडांइतकीच मागवली होती. तरी एक उरलं आणि ते या वायरमनच्या पिशवीत आहे. जितके जोड तितकी झाकणं, त्यातलं एक उरलं, म्हणजे एक जोड उघडा राहिला. हे गणित शाळेतलं पोरही करेल."

"मग ते तुकडे कुठून आले?" मालकांनी विचारलं.

"माणूस मेल्यावर आले. कोणीतरी झाकण आणलं, मोडलं, जोडावरची पिशवी ओरबाडून काढली आणि तुकडे तिथे टाकले. दोष झाकणाचा ठरला की, झाकण बसवलंच नाही, हे कोणी विचारणार नाही. मागे तिघे जण एकेकटे गेले होते. व्यवस्थापक, जावईबुवा, वायरमन."

मी तुकडे टेबलावर ठेवले.

"आता एकच प्रश्न. ही पांढरी रेघ कधी येते?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मग थोरली पुढे वाकली, तिने तुकडा उचलला आणि सहज म्हणाली:

"याची घडी मोडलेली नाही."

"ताई, गप्प बस," धाकटी म्हणाली.

"का? आई नाही का सांगायची! गरम असताना घडी मोडली की बिजागर जन्मभर पुरतं. थंड होऊ दिलं की रुसतं. मग वाकवलं तर पांढरं पडतं आणि उलटं पिरगाळलं तर तुटतं. लहानपणी फटके खाल्लेत आपण त्यासाठी." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "पण आपल्याकडून बिनघडीचं झाकण बाहेर जाईलच कसं? बायका झोपेतसुद्धा घडी मोडतील."

"जात नाही," मी म्हणाले. "म्हणूनच ते व्यवस्थापकांच्या मालातलं नाही आणि वायरमनच्या पिशवीतलंही नाही. बिनघडीची झाकणं या जगात एकाच ठिकाणी आहेत. घडी मोडलेलं झाकण सपाट बसत नाही, म्हणून ज्याला सपाट हवी होती त्याने ती घडी न मोडताच यंत्रावरून उचलली."

सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या. मी उठून ते एक झाकण दाबलं. बोट काढलं. ते उठलं.

"बाकीची सगळी निपचित पडून आहेत. हे एकटंच उठतंय, कारण याची घडी मोडलेली आहे. हे मागाहून, गोदाम उघडल्यावर, इथे लावलंय. याच्या जागेवरचं मूळ झाकण टेबलावर तुकडे होऊन पडलंय. मालकांना हवं असतं तर त्यांनी सरळ गोदाम उघडून घेतलं असतं. फलक ओरबाडायची वेळ त्याच्यावर आली, ज्याच्याकडे कचेरीची किल्ली होती पण गोदामाची नव्हती. आणि जो चहा न घेता घरातून निघाला, तरी हाकेच्या अंतरावर पोचेपर्यंत कारखान्याला वळसा घालून आला."

थोरलीच्या हातातला तुकडा अजून हातातच होता. आपण काय बोललो, ते तिला आता कळत होतं. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि ते पाहणं मला बघवलं नाही.

जावईबुवांची साखर विरघळली होती. "मी कोणाला मारलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही फक्त चिखलात उतरला नाहीत."

"मागे कोण बघतं? एक जोड... नंतर बसवणारच होतो मी. मग राहूनच गेलं. आणि वस्तूवर गेलं असतं तर विमा होता ना! कोणाचं काय बिघडत होतं?"

"माझं," धाकटी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून म्हणाली. "माझं बिघडत होतं, भावजी."

"तुला माहीत होतं?" थोरलीने तिला विचारलं.

"अंगठा फिरवला तेव्हाच. फलकाची झाकणं भावजींनी कशी उचलली, ते मी पाहिलं होतं. मीच ओरडले होते, घडी मोडा म्हणून."

"आणि तरी सही करायला निघालीस. माझं घर मोडू नये म्हणून."

धाकटीने मान डोलावली. मला वाटलं आता गळ्यात पडतील. थोरली तशी नव्हती.

"अगं, आणि त्या बाईच्या नवऱ्याला लोक धसमुसळा म्हणतायत, त्याचं काय?" ती ओरडली. "तिचं घर नव्हतं का? माझ्या घराची काळजी वाहायला तुला मी सांगितलं होतं? त्यांनी वस्तूवर ढकललं, तू स्वतःवर ओढून घेतलंस. त्या मेलेल्या माणसाचा विचार दोघांनीही केला नाहीत!"

यंत्रावरच्या बायका काचेतून बघायला लागल्या. त्यांचे हात मात्र थांबले नव्हते. धाकटीने दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं आणि ती रडली. मालकांनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जावईबुवांनी पोलिसांना जबाब दिला. मी अहवालात लिहिलं: झाकणात दोष नाही. साचा वाचला. आमच्या कंपनीवर भरपाई द्यायची वेळ आली नाही, म्हणून साहेबांनी मला शाबासकी दिली. भरपाई कारखान्याने स्वतः द्यायची, हे मालकांनी कोणी सांगायच्या आधीच कबूल केलं.

७

एक काम राहिलं होतं. त्याला धाकटी माझ्याबरोबर आली. वाटेत ती एकदाच बोलली. "काय बोलू मी त्यांच्याशी?"

"जे झालं ते."

रखवालदाराच्या बायकोने दार उघडलं. लेक आत अभ्यासाला बसली होती. मी मुद्दाम तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुमच्या यजमानांनी काही तोडलं नाही. तिथे झाकण नव्हतंच. जे दुसऱ्याने झाकायचं होतं, ते त्यांनी घरून पिशव्या नेऊन झाकलं. सगळं लिहून दिलंय मी. व्यवस्थापक इथे येऊन तुमच्या लेकीसमोर शब्द मागे घेतील. नाही आले तर मी धरून आणेन."

तिने पदराने डोळे पुसले. मग धाकटीकडे पाहून विचारलं, "या कोण?"

"ते झाकण माझं," धाकटी म्हणाली. तिने पिशवीतून एक काढून पुढे केलं. "मागच्या जोडाला बसायला हवं होतं ते."

बाईंनी ते हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. आपल्याकडून काही बिघडेल या भीतीने हळूच मिटलं. खट. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दोरीवरच्या पिशव्या वाऱ्याने हलत होत्या.

"बसवायला वेळ लागतो का हो?" तिने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "आता तुम्ही मिटलंत ना, तेवढाच."